न घडलेल्या चुकीचा पुरावा

हेस्टर ऑलरेनशॉ नापास झाली.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण विद्यापीठही तसंच समजतं. त्यांच्या पत्रात ‘नापास’ हा शब्द दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. तिथे आहे ‘अद्याप नाही’. म्हणजे पास? अद्याप नाही. मग नापास? छे छे, तसं आम्ही म्हणत नाही, विद्यार्थ्यांचं मन दुखावतं. त्या न्यायाने हॅडर्सबीच्या चर्चमागे जे लोक दगडाखाली झोपलेत, तेही मेलेले नाहीत. अद्याप उठलेले नाहीत, एवढंच.

तर हेस्टर नापास झालेली नाही. ती कशी कशी झाली नाही, ते आता ऐका.

हेस्टर सत्तावीस वर्षांची. हॅडर्सबीच्या रुग्णालयात, अकरा नंबरच्या म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात ती फार्मासिस्ट होती आणि नोकरी सांभाळून क्लिनिकल फार्मसीचा पदव्युत्तर डिप्लोमा करत होती. तीन वर्षांचा, अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे नोकरी पूर्णवेळ, अभ्यास पूर्णवेळ आणि उरलेलं आयुष्य अर्धवेळ. दर बुधवारची दुपार ही तिची ‘संरक्षित अभ्यासाची वेळ’ असं करारात लिहिलेलं होतं. कोणापासून संरक्षित, ते लिहिलेलं नव्हतं. तीन वर्षांतल्या दीडशेएक बुधवारांपैकी तिला चार मिळाले. त्यातल्या एका बुधवारी रुग्णालयातली वीज गेली होती आणि एका बुधवारी तिला स्वतःलाच ताप होता.

या डिप्लोमाच्या शेवटी एक फाइल द्यावी लागते, संगणकातली. तिच्यात आपण पकडलेल्या चुका चढवायच्या. डॉक्टरने चुकीचं औषध लिहिलं, आपण पकडलं, बदलून घेतलं, की आधीच्या पडद्याचा फोटो, नंतरच्या पडद्याचा फोटो आणि खाली डॉक्टरची सही. चुकांना रंग असतात. हिरवी किरकोळ, पिवळी मधली, आणि लाल म्हणजे माणूस गेला असता. वीस चुका हव्यात आणि त्यात निदान एक लाल. हेस्टरकडे हिरव्या तेवीस होत्या, पिवळ्या अकरा. लाल रकान्यात कावळासुद्धा बसलेला नव्हता.

याला कारण तिची सवय. बाकीचे फार्मासिस्ट साडेदहाला वॉर्डात यायचे आणि डॉक्टरांनी काय लिहून ठेवलंय ते तपासायचे. हेस्टर साडेआठलाच डॉक्टरांच्या राउंडबरोबर चालायची. डॉक्टरच्या मनात चूक आली रे आली, की ही शेजारून हळूच म्हणायची, “यांच्या किडन्या बघितल्यात ना?” डॉक्टरचं बोट हवेतल्या हवेत वळायचं. चूक जन्माला यायच्या आधीच गेलेली असायची. कसला फोटो काढणार आणि कोणाची सही घेणार? दोन वर्षांत अकरा नंबरच्या डॉक्टरांना असं वळण लागलं, की काही लिहायच्या आधी ते आपसूक हेस्टरकडे बघायचे, रस्ता ओलांडताना माणूस उजवीकडे बघतो तसे.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या मार्गदर्शक डॉ. स्ट्राउड यांनी तिला पडद्यावरून भेट दिली. त्यांच्या मागच्या कपाटावर एक मांजर बसलं होतं आणि तेही हेस्टरकडे बघत होतं.

“हेस्टर, फाइल फार सुंदर आहे तुझी. पण लाल रकाना?”

“आमच्याकडे लाल चुका होत नाहीत, डॉक्टर. होण्याआधीच थांबवते मी.”

“थांबवतेस. याला पुरावा?”

“त्या होत नाहीत, हाच.”

“असं बघ,” डॉ. स्ट्राउड समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “जे होत नाही ते शंभर कारणांनी होत नसतं. गेल्या वर्षभरात तुमच्या वॉर्डात हत्तीही शिरला नाही. त्याचे गुण कोणाला द्यायचे?”

“हत्ती शिरायला निघाला नव्हता. चुका निघतात. रोज सकाळी साडेआठला निघतात. मी दारात आडवी पडलेली असते.”

“मग एखाद दिवस थोडी बाजूला सरक.”

हेस्टरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मांजरानेही कान टवकारले होते.

“म्हणजे मला तसं म्हणायचं नाही,” डॉ. स्ट्राउड घाईने म्हणाल्या. “मला म्हणायचंय, की तुमचा वॉर्ड शिकायला पोषक दिसत नाही. पुरेशा चुका होतील असा एखादा वॉर्ड मिळतो का बघ. आणि ‘माझ्या वॉर्डात चुका का होत नाहीत’ यावर पंधराशे शब्दांचं आत्मचिंतन लिहून पाठव. त्याला गुण नाहीत. पण लिहिलं की बरं वाटतं.”

हेस्टरने आत्मचिंतन लिहिलं. बरं वाटलं नाही.

फाइल द्यायची शेवटची वेळ होती मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच. डिप्लोमा नाही मिळाला तर एप्रिलअखेरपासून हेस्टरला वॉर्डातून काढून तळघरातल्या औषधखोलीत बसवणार होते. तिथे खिडकी नाही, पेशंट नाही, राउंड नाही. खोकी असतात, आणि खोकी म्हाताऱ्या पेशंटांसारखं कधी कोणाला ‘पोरी’ म्हणत नाहीत.

गिडियन मार्चबँक तिच्याच वर्गात होता आणि वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करायचा. त्याच्याकडे लाल चुका सहा होत्या. जिन्यापाशी त्याचा हसरा फोटो लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘या महिन्याचा रुग्णरक्षक’. गेले चार महिने तोच होता. त्यामुळे फोटो बदलायचा त्रास नव्हता.

“तू करतोस काय नेमकं?” हेस्टरने कँटीनमध्ये त्याला विचारलं. तो सालासकट भाजलेल्या बटाट्यावर बीन्स ओतत होता.

“चहा पितो.”

“गिडियन.”

“अगं खरंच. साडेआठला डॉक्टर लिहितात, मी चहा पितो. साडेदहाला जातो, बघतो, किंचाळतो. सगळा वॉर्ड गोळा होतो. फोटो, सही, फोटो. सर्जन माझ्या पाठीवर थाप मारतो. साडेअकराला परत चहा.”

“आणि मधल्या दोन तासांत नर्सने ते औषध देऊन टाकलं तर?”

“एकदा दिलं ना. तीच माझी सर्वांत लाल आहे.” त्याने बटाटा फोडला. “माणूस वाचला हं. तू लगेच तोंड असं करू नकोस.”

“तुला तेव्हाच माहीत असतं, की तो हे असलं लिहितो?”

“साधारण. त्या सर्जनचं एक ठरलेलं आहे. दर मंगळवारी तीच चूक करतो बिचारा.”

“मग सोमवारी सांग ना त्याला!”

“सोमवारी सांगितलं तर मंगळवारी मी काय पकडू?” गिडियनला हा प्रश्न खरोखर पडला होता. “हे बघ हेस्टर, तुझा घोळ काय आहे सांगू? तू बंबवाली व्हायचं सोडून भिंत झालीस. भिंतीचा फोटो कोणी जिन्यात लावतं का?”

हेस्टर आपल्या ताटातला बटाटा तसाच टाकून उठली. तो गिडियनने खाल्ला.

अकरा नंबरमध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. डॉ. ऑर्ला डेव्हलिन ही तिथली सगळ्यांत तरुण डॉक्टर, आयर्लंडहून आलेली, मनाने मऊ. ती दुसऱ्याच दिवशी हेस्टरला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “चूक हवीय ना तुला? मी करते. कुठली देऊ?”

“वेडी आहेस का?”

“लाल देते गं. माझ्या नावावर एकही नाही, मला परवडेल.”

आणि हेस्टर नको नको म्हणत असतानाच तिने संगणकावर ‘झेड. चाचणी’ या पेशंटचं पान उघडलं. हा रुग्णालयाचा खोटा पेशंट, नवीन डॉक्टरांना संगणक शिकवण्यासाठी बनवलेला. वय एकशे सव्वीस, खाट क्रमांक शून्य, व्यवसाय अंतराळवीर. त्याला आजवर चार हजार औषधं लिहून दिली गेली होती आणि त्याची तब्येत वॉर्डात सगळ्यांपेक्षा बरी होती. ऑर्लाने त्याला हत्ती मरेल एवढं मॉर्फिन लिहून दिलं.

“पकड!” ती उत्साहाने म्हणाली.

हेस्टर पोट धरून हसली. मग तिने ते पुसून टाकलं. “हे नको, ऑर्ला. मी तीन वर्षं खरं काम केलंय. त्याच्यासाठी मी खोटा माणूस का मारू?”

शेवटचा शुक्रवार उजाडला. सव्वाआठ वाजता हेस्टर सात नंबरच्या खाटेपाशी बसली होती. आदल्या संध्याकाळी तिथे मिसेस एनिड स्पेन्सली आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेच्या भोजनगृहात पोरांना वाढलेलं, त्यामुळे कोणी उपाशी दिसलं की त्यांचा हात डब्याकडे जायचा. लघवीला जळजळ आणि अंगात ताप.

“घरी कुठल्या गोळ्या घेता तुम्ही?”

“यादी आहे की तुमच्याकडे, पोरी. काल त्या दाढीवाल्याने वाचून दाखवली.”

“यादीत नसलेल्या सांगा.” हा प्रश्न हेस्टर प्रत्येकाला विचारायची.

“यादीत नसलेली म्हणजे सोमवारची.” मिसेस स्पेन्सलींनी पिशवीतून टॉफीचा पत्र्याचा डबा काढला. काळ्या गुळमट टॉफ्यांच्या शेजारी गोळ्यांची एक पट्टी होती. “सांध्यांसाठी. मोठ्या दवाखान्यातून थेट घरी येते, आमच्या डॉक्टरला काही ठाऊक नाही. घे, टॉफी घे. गोळी नको घेऊ.”

पट्टीवर नाव होतं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी. आणि लघवीच्या दुखण्याला डॉक्टर जे डोळे मिटून लिहितात ते ट्रायमेथोप्रिम. ही दोन औषधं एका शरीरात भेटली, की हाडांच्या आतलं रक्त बनवण्याचं काम ठप्प होऊ शकतं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस त्यातून परत येईलच असं नाही.

हेस्टर ही नोंद संगणकात करायला उठली, आणि तेवढ्यात राउंड आला. पुढे ऑर्ला, चाकांवरचा संगणक ढकलत. मागे औषधांची गाडी घेऊन नर्स.

हेस्टरच्या लक्षात आलं, की या क्षणी सबंध रुग्णालयात ही गोष्ट फक्त तिला माहीत आहे. संगणकाला माहीत नाही, त्यामुळे तो बोंबलणार नाही. तिने फक्त काही बोलायचं नव्हतं. ऑर्ला लिहील. एक फोटो. मग ही म्हणेल, थांबा. दुसरा फोटो. सही. लाल. एका मिनिटाचं काम. गिडियन तर दोन तास थांबतो.

तिने टॉफी तोंडात टाकली आणि दात घट्ट मिटले. डॉ. स्ट्राउड यांचं तिने ऐकलं होतं. ती थोडी बाजूला सरकली.

“सुप्रभात, मिसेस स्पेन्सली! कशाची ॲलर्जी?”

“उपदेशाची.”

ऑर्ला हसली आणि टाइप करू लागली. ट्रा. य. मे. पडद्यावर उरलेलं नाव आपोआप उमटलं. ‘पहिला डोस आत्ताच’ या चौकोनात तिने खूण केली. नर्सने गाडीचा खण उघडला. ऑर्लाने सवयीने हेस्टरकडे बघितलं. हेस्टर टॉफी चघळत होती. म्हणजे सगळं ठीक आहे. ऑर्लाचं बोट बटणावर आलं.

आणि तिथे हेस्टरला कळलं, की ती बाजूला सरकलीय म्हणूनच ऑर्ला रस्ता ओलांडतेय. दोन वर्षं तिनेच हिला शिकवलं होतं, की मी गप्प असले तर समज, वाट मोकळी आहे.

“म्म्म्म!” हेस्टर ओरडली. टॉफीने दोन्ही जबडे एकमेकांना चिकटवले होते. तिने ऑर्लाचं मनगट धरलं, सगळ्या ताकदीनिशी तोंड उघडलं, काहीतरी कडकन वाजलं, आणि “मेथोट्रेक्सेट!” हा शब्द टॉफीसकट बाहेर पडला. टॉफी चादरीवर पडली. तिच्यात हेस्टरच्या डाव्या दाढेतली चांदी अडकलेली होती.



“देवा रे,” ऑर्ला पांढरी पडली. तिने पान बंद केलं. मग हळूच म्हणाली, “हेस्टर. मी बटण दाबणारच होते.”

“माहितीय.”

“अर्धा सेकंद थांबली असतीस तर.”

“माहितीय म्हटलं ना!”

“आत्ता लिहिते नि लगेच काढते. सही देते. कोणाला कळणार आहे?”

“यांच्या नावावर कायमची चूक चढेल, जी झालीच नाही. आणि तुझ्याही नावावर. नको.” हेस्टरच्या दाढेत कळ मारत होती, त्यामुळे ती रडतेय की नाही ते नीट कळत नव्हतं.

मिसेस स्पेन्सली उशीला टेकून सगळं ऐकत होत्या. “म्हणजे मला विष पाजलं असतं तर ही पोरगी पास झाली असती?”

“तसंच काहीसं,” ऑर्ला म्हणाली.

“आणि नाही पाजलं म्हणून नापास?”

“अद्याप नाही म्हणतात त्याला,” हेस्टर म्हणाली.

“आमच्या भोजनगृहात असं असतं ना,” मिसेस स्पेन्सली संतापून उठून बसल्या, “तर पोरांना आधी आंबलेलं वाढून मग ताट हिसकावून घेणाऱ्या बाईला बक्षीस मिळालं असतं! पेन दे इकडे.”

उशाशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं कार्ड होतं. त्याच्या पाठीवर त्यांनी थरथरत्या पण ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मी मेलेले नाही. कारण ही पोरगी. ई. स्पेन्सली (मिसेस).’

पाचला दहा मिनिटं कमी असताना हेस्टरने लाल रकान्यात तीन गोष्टी चढवल्या. ‘मी बटण दाबणारच होते’ असं ऑर्लाने लिहून दिलेलं पत्र, त्या कार्डाच्या दोन्ही बाजू आणि टॉफीत रुतलेल्या चांदीचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ‘अद्याप नाही. (एक) डॉक्टरांचे पत्र एका हेतूविषयी आहे. हेतू तपासण्याची सोय विद्यापीठाकडे नाही. (दोन) रुग्ण जिवंत असणे ही रुग्णालयातील अपेक्षित स्थिती असून तिला हस्तक्षेप मानता येत नाही. कार्डाच्या दुसऱ्या बाजूस रुग्णाने जेवणासाठी मासे आणि बटाटे निवडल्याची नोंद घेतली आहे. (तीन) दात कोणाचा हे सिद्ध होत नाही. आपली चिकाटी कौतुकास्पद आहे.’

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी हेस्टर तळघरात गेली. अकरा नंबर वॉर्ड गिडियनकडे दिला गेला. पहिल्याच आठवड्यात तिथे दोन लाल चुका झाल्या आणि त्या दोन्ही गिडियनने पकडल्या, एक वेळेवर आणि एक जराशी उशिरा. डॉ. स्ट्राउड यांनी हेस्टरला आवर्जून कळवलं, की तो वॉर्ड आता शिकायला अतिशय पोषक झालेला आहे. दाढेसाठी तिने सहा दवाखान्यांत फोन केले. सरकारी खर्चाने नवा पेशंट कोणीच घेत नव्हतं. एका ठिकाणच्या बाईने तर तिला गोड आवाजात सांगितलं, “नाही म्हणत नाही हो आम्ही. अद्याप नाही.”

त्या दुपारी हेस्टर इतकी चिडली, की तिने दोन खोकी लाथेने उडवली आणि मग त्यात इन्सुलिन नाही ना, हे उघडून बघितलं.

आता एकच वाट उरली होती. विद्यापीठाकडे ‘विशेष परिस्थिती’चा अर्ज. त्यात चालणारी कारणं छापलेली होती: आजारपण, अपघात, मृत्यू. मृत्यू असल्यास दाखला जोडणे बंधनकारक. हेस्टरने खूप वेळ त्या तीन शब्दांकडे बघितलं. मग तिने ‘मृत्यू’वर खूण केली, एक कोरा कागद घेतला, आणि खोक्यावर ठेवून लिहिलं:

प्रति,
जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी, हॅडर्सबी.

विषय: न झालेल्या मृत्यूचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
मिसेस एनिड स्पेन्सली, वय ८४, यांचा मृत्यू मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी सुरू होणारा उपचार सुरू न झाल्यामुळे झालेला नाही. सदर बाब आपल्या नोंदवहीत अद्याप नोंदलेली आढळत नाही. तरी, सदर मृत्यू न झाल्याची तारीख, वेळ व कारण (अर्जदार) नमूद करून तसा दाखला लवकरात लवकर देण्यात यावा, ही विनंती. दाखल्याची एक प्रत विद्यापीठाच्या अर्जास जोडण्यासाठी अर्जदारास द्यावी, व दुसरी प्रत मिसेस स्पेन्सली यांस घरपोच पाठवावी. त्यांना ती टॉफीच्या डब्यात ठेवायची आहे. गोळ्या तिथून हलवलेल्या आहेत.

आपली विश्वासू,
हेस्टर ऑलरेनशॉ
फार्मासिस्ट (तळघर)